क्लॅरिनेटपायी गेलेले दात

बाबांच्या मते गाणं म्हणजे डोकेदुखी. म्हणून क्लॅरिनेट मी पहिल्यांदा ऐकली ती दातांच्या डॉक्टरांकडे. आतली रडारड बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून ते बाहेरच्या खोलीत क्लॅरिनेटची रेकॉर्ड लावायचे. पहिलीतली मी, पार वेडी झाले! ऊठसूट गाल धरून रडायला लागले. तिथे पोचलं की माझा नंबर मागच्यांना द्यायची.

"किती समजूतदार पोर!" आई कौतुकानं म्हणायची.

पण कधीतरी आत जावंच लागे. मीच हलवून हलवून ढिले केलेले पुढचे दुधाचे दात असे एकेक गेले.

शेवटी खरं कळल्यावर आईनं कपाळाला हात लावला आणि मला क्लॅरिनेटच्या मास्तरांकडे नेलं. त्यांनी माझं तोंड उघडून पाहिलं.

"बाळ, ही दातांनी धरतात," ते म्हणाले. "आधी दात येऊ देत."