सँडविचच्या डब्यातला जबडा

यामिनी आयर्लंडमधल्या एनिस गावात राहायची आणि शॅननच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची. पण तिचा खरा जीव होता ऐतिहासिक रहस्यकथांत, आणि शनिवारी स्थानिक इतिहास मंडळाबरोबर जुने मठ नि गढ्या बघत हिंडण्यात. उत्खननात तिच्या वाट्याला माती चाळायचं काम यायचं. चाळणीत एखादं खापर सापडलं तरी आठवडाभर ती खूश.

तिच्याच नादाने गावातल्या मराठी मंडळींचा रहस्यकथांचा वाचनकट्टा सुरू झाला होता. फेब्रुवारीच्या बैठकीत तिने किनाऱ्यावरच्या एका किलीनबद्दल, म्हणजे बाळांच्या जुन्या दफनभूमीबद्दल सांगितलं. बाप्तिस्म्याआधीच गेलेल्या तान्ह्या बाळांना चर्चच्या आवारात जागा नसे. बाप बिचारे काळोख पडताना त्यांना अशा जागी नेऊन पुरत. यंदाच्या वादळाने तिथला बांध खचलाय, असंही ती म्हणाली. आवाज खाली आणून, चांगलं रंगवून सांगितलं तिने. सगळे गप्प होऊन ऐकत होते आणि तिला ते आवडलं होतं.

मार्चची बैठक कट्ट्यातल्याच विक्रांतकडे होती, रविवारी दुपारी. त्याच्या बायकोने, गुंजनने, साबुदाणा वडे केले होते. वडे फिरत असतानाच विक्रांत म्हणाला की आज पुस्तक नाही, आज खरी केस. त्याने चटणीच्या वाटीशेजारी मुलांचा सँडविचचा डबा ठेवला आणि झाकण काढलं.

आत कापसावर एक जबडा होता. दोन बोटांवर मावेल एवढा, घासून घासून पांढरा केलेला. हाडाच्या आत, अजून वर न आलेल्या दातांचे कोंब दिसत होते. कुणी हसलं, कुणी फोटो काढला. विक्रांतने विचारलं, बोला, खुनी कोण?

यामिनीच्या तोंडात वड्याचा घास होता.  स्वयंपाकघरात जाऊन तिने तो सिंकमध्ये थुंकून टाकला. तिथे धुतलेल्या चमच्यांच्या स्टँडमध्ये एक टूथब्रश उभा होता, केसांत तपकिरी माती अडकलेला. तिला भडभडून उलटी झाली.

बाहेर येऊन तिने विचारलं, "कुठून आणलंस हे?"

"तूच नाही का सांगितलंस? समुद्र नेणारच होता, मी वाचवलं. खुरप्याने थोडं उकरावं लागलं, एवढंच."

"विक्रांत, कुणाचं तरी बाळ आहे ते."

"अगं, किती जुनं असेल. ग्रँड आहे, काही बिघडत नाही, परत ठेवून येतो."

तिने त्याला डब्याला हात लावू दिला नाही. सगळ्यांसमोर गार्डांना, म्हणजे तिथल्या पोलिसांना, फोन केला. विक्रांतचा चेहरा पडला, मग आवाज चढला. आपल्याच माणसावर पोलीस आणतेस, असं तो दोनदा म्हणाला. एकेक जण चपला घालून निघून गेला. तासाभरात एक गार्ड बाई आल्या, त्यांनी विक्रांतचा जबाब लिहून घेतला आणि डबा नेला.

मंगळवारी पुरातत्त्वखात्याच्या बाईंनी विक्रांतला जागा दाखवायला नेलं. यामिनीलाही बोलावलं होतं. बांधात खुरप्याने पाडलेली चार भोकं होती. कुठल्या भोकातून काय काढलं, हे त्याला आठवेना. बाई शांतपणे म्हणाल्या की आता हा जबडा त्या बाळाच्या बाकीच्या हाडांशी जुळवता येणार नाही. गाडीत बसल्यावर यामिनीला तिचाच फेब्रुवारीतला, मुद्दाम खाली आणलेला आवाज आठवला आणि स्वतःचीही शिसारी आली.

तपासणी संपल्यावर जुलैमध्ये तो जबडा तिथेच पुरला. गावातली दहाबारा माणसं आली, पाद्री आले. विक्रांत आला नाही. गुंजन आली होती. सगळं आटोपल्यावर ती यामिनीजवळ येऊन हळूच म्हणाली, "आठ दिवस तो डबा आमच्या फ्रीजवर होता. मी रोज तिथूनच पोळ्यांचा डबा काढत होते. बोलले नाही काही."

गुंजनला धीराचा एखादा शब्द हवा होता. यामिनीला तिच्या चमच्यांमध्ये उभा असलेला तो मातीचा टूथब्रश आठवला. गुंजनने हात पुढे केला, तसे यामिनीने आपले हात कोटाच्या खिशात घातले आणि गावकऱ्यांमागून ती उतार उतरू लागली.