आंबट पिशवीत कोंडलेली माळ

मी एक जुनी अमुक आहे, अशी आत्मकथनाची सुरुवात करायची रीत आहे. पण मित्रांनो, मी जेमतेम परवाची! माझं नाव पेप्टाइड. अमिनो आम्लांचे मणी ओवून केलेली, डोळ्यांना न दिसणारी इवलीशी माळ. पाठीवर कर्करोगाचं औषध घ्यायचं आणि पेशीचा पडदा न फाडता आत शिरायचं, हे माझं काम.

माझ्या थोरल्या बहिणींचं आधी फार कौतुक झालं. पण आत शिरल्यावर पेशी त्यांना एका पिशवीत कोंडायची आणि बहुतेक जणी तिथेच औषधासकट विरघळायच्या. मग त्यांना कुणी विचारेना. प्रयोगशाळेतल्या क्लॉडियाबाई मात्र चिवट. त्यांनी माझ्यात नवे मणी ओवले, आंबटपणा लागला की जागे होणारे.

आज सकाळी शिरोड्याच्या तेरेझाबाईंना नव्या औषधाच्या चाचणीचं इंजेक्शन मिळालं. त्यात मी होते. त्यांच्या छातीतल्या गाठीपर्यंत पोचले, एका पेशीत शिरले आणि कोंडली गेले. शिळी पेज आंबावी तशी ती पिशवी आंबट होत चालली. मी फार घाबरले, खोटं कशाला बोलू? मी इथेच विरघळले, तर ही पेशी वाढतच राहणार होती.

तोवर तेरेझाबाई घरी पोचल्या. त्यांची धाकटी बहीण जॉयसी पडवीत शहाळं घेऊन उभी होती. अशक्तपणाची सुई, एवढंच तिला ठाऊक.

"बाय, खरा सांग. काय झाला तुका?"

तेरेझाबाईंनी शहाळं हातात घेतलं आणि तसंच बाजूला ठेवलं. त्याही माझ्यासारख्याच कोंडलेल्या.

"नाताळाक छातीत गाठ लागली हाताक," शेवटी त्या म्हणाल्या. "माका लाज वाटली गो. कोणाकच नाय सांगलंय."

"आणि एकटीनच सोसलंस?" जॉयसी रडायलाच लागली.

"रडू नको. तू आधी तपासून घे, सख्ख्या बहिणीक पण धोको असता."

इकडे माझे मणी जागे झाले. पिशवी ताणली गेली आणि फाटली! माझ्यासोबत टोचलेल्या पुष्कळ बहिणी अजून कोंडलेल्या आहेत, पण मी सुटले. औषध जागेवर उतरवलं. आता माझे मणी एकेक करून गळतायत.

मित्रांनो, घरच्या बायकांना एवढं सांगा, गाठ लागली तर लपवू नका. पेशीच्या पडद्यातून मी जाते, पण मला बोलवायला आधी कुणीतरी तोंड उघडावं लागतं. उद्या दोघी बहिणी मिळून जॉयसीच्या तपासणीला जाणार आहेत.

तोवर मी नसेन.