खळाळाखालची हाक

धरणाच्या फोनवरची बाई इतकी गोड बोलायची की व्हर्नाला तिचा गळा आवळावासा वाटे. रोज सकाळी तोच रेकॉर्ड केलेला सूर. "दुपारी दोनपर्यंत पाणी सोडले जाणार नाही. वेळेत पूर्वसूचनेशिवाय बदल होऊ शकतो." म्हणजे शहरात एसी सुरू झाले आणि विजेची मागणी वाढली की हे दरवाजे उघडणार. खाली नदीत मांडीभर पाण्यात उभे राहून ट्राउट मासे पकडणारे गेले खड्ड्यात. भोंगा होता म्हणा, पण तो धरणाच्या पायथ्याशी, आठ मैल वर. तो ऐकून तिथल्या बदकांनी सावध व्हावं.

चार वर्षांपूर्वी अशाच बदललेल्या वेळेने तिचा नवरा हॉबर्ट नेला. पण व्हर्नाचा राग धरणावर जेवढा होता, त्याच्या दसपट ऑरिन टॅकेटवर होता.

कारण या नदीला भोंग्याची गरज कधी पडलीच नव्हती. काठावर पाण्याच्या कडेला एक पांढरा दगड ठेवायचा, गळ टाकता टाकता डोळा त्याच्यावर ठेवायचा. दगड भिजला, काड्या-पानं वाहत आली, की "पाणी आलं!" म्हणून खालच्याला हाक द्यायची. खालच्याने त्याच्या खालच्याला. गळाला केवढाही मासा असो, दोरा तोडायचा आणि ओरडायचं. त्या दिवशी, नदी खडकांवरून आपटत उतरते त्या खळाळाच्या वर ऑरिन होता आणि खाली, पात्राच्या मधल्या वाळूच्या पट्ट्यावर हॉबर्ट. ऑरिन जिवंत परत आला.

त्याच आठवड्यात अंत्यविधीला चर्चमध्ये प्रत्येकजण दोन शब्द बोलला. तीस वर्षांचा दोस्त ऑरिन उभा राहिला, तोंड उघडलं, आणि एक शब्दही न बोलता खाली बसला. व्हर्नाला तेवढं पुरलं. पाप केलेल्या माणसाची अशीच दातखीळ बसते. पुढे पंधरवड्याने तो तिच्या गळ-दोऱ्याच्या दुकानाशी येऊन म्हणाला, "व्हर्ना, मी ओरडलो होतो गं." तिने त्याच्या नाकावर दार आपटलं. तेव्हापासून ऑरिन साधी कॉफी प्यायलाही अकरा मैल लांब जाई.

त्या गुरुवारी ती मुद्दाम लवकर नदीवर गेली आणि खळाळाच्या वरचा ऑरिनचा नेहमीचा धोंडा अडवून उभी राहिली. का, तर त्याचं तोंड बघायला. तो आला, छातीपर्यंतची रबरी विजार सावरत, एक पाय ओढत.

"तो माझा धोंडा आहे."

"नाव कोरलंयस?"

"नाही."

"मग चालायला लाग."

म्हातारा खाली गेला आणि थेट हॉबर्टच्या पट्ट्यावर जाऊन उभा राहिला. व्हर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार वर्षांत तिथे कोणी पाय ठेवला नव्हता. हा निर्लज्ज तिथे उभा राहून आरामात गळ फिरवतोय!

साडेदहाच्या सुमाराला एक काडी तिच्या मांडीला लागून गेली. मग पानं. मग फेस. तिने काठाकडे पाहिलं. पांढरा दगड अर्धा पाण्यात गेला होता.

दोन वाजता म्हणे!

खाली ऑरिनची पाठ तिच्याकडे होती. तेव्हा तिच्या मनात जे आलं ते तिने पुढे कोणालाच सांगितलं नाही. गप्प राहा, व्हर्ना. बघू दे त्यालाही. दोन श्वासांपुरतं आलं आणि तिची तिलाच किळस आली.

"ऑरिन! पाणी आलं!"

तो हलला नाही.

"ऑरिन! अरे ए बहिऱ्या! पाणी!"

त्याने शांतपणे गळ मागे घेतला आणि पुन्हा टाकला. मुद्दाम करतोय, तिला वाटलं. माझा सूड घेतोय, थेरडा. ती काठावर चढली आणि बेंबीच्या देठापासून ओरडत खाली पळत सुटली. शिव्या देत, नाव घेत, देवाला हाका मारत. काटे लागले, एकदा ती सपशेल आपटली. ओरडणं थांबलं नाही.

खळाळापाशी पोचली तेव्हा तिला स्वतःचाच आवाज ऐकू येईना. चढलेलं पाणी खडकांवर आपटून असं गर्जत होतं की तिथे तोफ उडवली असती तरी कळलं नसतं. ती हॉबर्टबरोबर नेहमी खालीच उभी राहायची. वरून दिलेली हाक इथे पोचते की नाही, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

तिने हाताला येईल तो धोंडा उचलून भिरकावला. दुसरा. तिसरा ऑरिनच्या कोपराशी पडला तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं, मग आपल्या कमरेपर्यंत चढलेल्या पाण्याकडे पाहिलं. काठ आणि पट्टा यांच्यामधली धार छातीला लागत होती. व्हर्ना विलोच्या झाडाला एका हाताने धरून आत उतरली, दुसऱ्या हाताने तिने काठावर पडलेली एक लांब काठी पुढे केली. धरणाच्या तळाचं ते पाणी जूनमध्येही हाडं गोठवतं. ऑरिनची बोटं दोनदा सुटली. तिसऱ्यांदा तिने त्याची कॉलर धरली आणि पोतं ओढावं तसा त्याला काठावर ओढला.

दोघं चिखलात पडून धापा टाकत राहिले. त्यांच्यासमोर तो पट्टा बुडाला.

व्हर्नाला बोलायचं होतं. त्या गोड आवाजाच्या बाईला, दरवाजे उघडणाऱ्यांना, या मठ्ठ म्हाताऱ्याला, 'एकदा दार लावलं तर दुसऱ्यांदा यायचं नाही का रे?' म्हणून खडसावायचं होतं. तिने तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. पुन्हा उघडलं. घशातून फुसफुस झाली, शब्द नाही. तोंड उघडं ठेवून ती त्याच्याकडे बघत राहिली.

ऑरिनने तिच्याकडे पाहिलं आणि नजर नदीकडे वळवली.

"कोमट पाण्यात मध घालून घे," तो म्हणाला. "चारपाच दिवसांत येईल परत. मला दहा लागले होते."