सभामंडपाआधी साकव

या, जवळ सरका. टाळ जरा खाली ठेवा, आमच्या गावची एक गोष्ट सांगतो.

राजूरजवळच्या आमच्या गावात काल्याचं कीर्तन झालं आणि आमदार नीलांबरीताई कपाळी बुक्का लावून आमच्यातच सतरंजीवर बसल्या. म्हणाल्या, "अर्थसंकल्प तोंडावर आलाय. सगळं मिळणार नाही. गावानं एकच मागणी सांगावी, तिच्यासाठी मी भांडेन."

आम्ही भजनी मंडळींनी देवळाच्या सभामंडपाचा अर्ज आधीच लिहून ठेवला होता. गहिनीनाथबुवांनी तो पुढे केला, तोच ओढ्यापलीकडच्या वाडीतली साळूबाई उठली.

"ताई, माझी सून मोनिका आषाढात बाळंत व्हायची. ओढ्याला पानी आलं की वाट बंद. पायी जायापुरता साकव द्या."

"मावशे, देवाचं काम मागं सारतीस व्हय?" मागून कोणी टोमणा मारला.

"देव थांबंल रं. त्याला कुठं कळा येत्यात?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. बुवांनी अर्जावर सभामंडप खोडून साकव लिहिलं आणि पहिली सही केली.

ताई मात्र खरं बोलल्या. "मंजूर झाला, तरी या पावसाळ्याआधी उभा राहणार नाही."

साळूबाईचा चेहरा उतरला. तेव्हा बुवा म्हणाले, "ज्येष्ठ लागला की मोनिकाला आमच्या घरी आणा. दवाखाना अलीकडंच हाय. लेकीसारखी राहील."

मोनिका आता बुवांकडेच आहे. दिवस भरत आलेत. सांजेला देवापुढे दिवा लावाल, तेव्हा तिची आठवण ठेवा.