गोधडीतला जनरेटर

मित्रांनो, मी एक जुना जनरेटर आहे. जुना म्हणा, चालेल. भंगार म्हणाल तर याद राखा.

कारखान्यात लोखंड, तांबं आणि थोडं रबर एकत्र आलं आणि माझा जन्म झाला. दुकानात रांगेत उभा होतो, तेव्हा एक बाई आल्या. माझ्या टाकीवर टिचकी मारून म्हणाल्या, "हा द्या. तो लाल नको, नुसताच मिरवणारा दिसतोय." त्या माझ्या मालकीणबाई.

मागच्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली मला जागा मिळाली. गल्लीत अंधार झाला की मी धडधडायचो आणि आमच्या घरात दिवे लागायचे. शेजारीण म्हणायची, "तुमच्याकडे बरा उजेड असतो हो!" मालकीणबाई मान ताठ करून सांगायच्या, "वस्तू पारखून घ्यावी लागते." तेव्हा माझी टाकीसुद्धा फुगते की काय, असं वाटायचं.

पुढे वीज जाणं कमी झालं. मालकीणबाईंनी ठरवलं, चालवला की झिजतो. आता याला जपायचा. स्वतः शिवलेली गोधडी त्यांनी मला गुंडाळली, वरून प्लास्टिक बांधलं आणि कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम सोडला. आल्यागेल्याला सांगायच्या, "लेकरासारखा ठेवलाय मी."

लेकरू कुणी असं बांधून ठेवतं का? पण माया खोटी नव्हती, म्हणून मी गप्प बसलो. टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन चिकट झालं. प्लास्टिकखाली ओल धरली. हवेच्या गाळणीत एका उंदरिणीने बिऱ्हाड थाटलं, भाडं न देता.

सून एकदा म्हणाली, "आई, महिन्यातून एकदा चालवून बघूया का?"

"तुझ्या वडिलांचं गॅरेज माहेरी. इथे माझा जनरेटर आहे," मालकीणबाई म्हणाल्या. विषय संपला.

त्याच सुनेने मागच्या खोलीत अंडी उबवायची विजेची पेटी आणली. पिलं वाढवून विकायची, स्वतःचा धंदा उभा करायचा, हे तिचं स्वप्न. मालकीणबाई हसल्या, "का गं, कोंबड्या संपावर गेल्यात?" पण रोज सकाळी चहा घ्यायच्या आधी त्याच पेटीच्या काचेला नाक लावून उभ्या असायच्या.

ऐन थंडीत एका दुपारी अंड्यांच्या आतून चिवचिव ऐकू यायला लागली. तेवढ्यात वादळ सुटलं, कोपऱ्यावरचं झाड तारांवर पडलं आणि वीज गेली. पेटी गार पडू लागली. कवच फोडायच्या वेळीच ऊब गेली, तर पिलं आतच मरणार होती.

जावई पाहुणे आले होते. बाह्या सरसावून म्हणाले, "सरका, एका झटक्यात चालू करतो." माझी दोरी ओढली, पुन्हा ओढली, मग बसून ओढली. मी खोकलोसुद्धा नाही.

"जावईबापू, दोरी तोडून घरी नेणार आहात का?" मालकीणबाई ओरडल्या. पण आवाजात नेहमीची धार नव्हती. त्यांनी सुनेकडे पाहिलं. "तू बघ गं."

सुनेने शिळं पेट्रोल काढलं. उंदरिणीचं बिऱ्हाड हलवलं. कार्बोरेटर उघडला, तर पेट्रोल जाण्याचं बारीक भोक बुजलेलं. तारेने तिने ते मोकळं केलं. "तुमच्या स्कूटरमधलं पेट्रोल द्या, भाऊजी," ती म्हणाली.

इकडे मालकीणबाईंनी माझी गोधडी उचलून झटकली आणि हवेची भोकं उघडी ठेवून पेटीला गुंडाळली. पुटपुटल्या, "त्याला कसली मेली थंडी वाजतेय!" एवढ्या वर्षांत हे आज कळलं बाईंना!

सुनेने दोरी ओढली. मी काळा धूर ओकला. पुन्हा ओढली. घसा साफ झाला आणि मी असा धडधडलो, की शेजारीण कुंपणाशी धावली. धूर घरात जाऊ नये म्हणून मी अंगणातच राहिलो; लांब वायर तेवढी पेटीपर्यंत गेली. पेटीचा दिवा लागला.

सकाळी बहुतेक अंडी फुटली होती. दोन फुटली नाहीत. त्यांच्यापाशी सून जरा वेळ बसली. मालकीणबाई शेजारी टेकल्या आणि म्हणाल्या, "वडिलांना फोन लाव. याचं तेल कधी बदलायचं, विचार."

तेव्हापासून दर महिन्याला मालकीणबाई स्वतः दोरी ओढतात. "ऊठ रे आळशा!" म्हणतात. पेटी जोडून मला थोडा वेळ राबवतात. ताजं पेट्रोल, स्वच्छ गाळणी, वेळेवर तेल. बंद करताना आधी पेट्रोलचा कॉक बंद करून आतलं पेट्रोल संपू देतात, म्हणजे आत काही साचत नाही. मी थंड झाल्यावरच झाकण घालतात.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी असा झाकून ठेवलेला असेल. त्याच्यावर माया असेल, तर अधूनमधून त्याला कामाला लावा. आमचं आयुष्य त्यानेच वाढतं.

माझी गोधडी मात्र मला परत मिळाली नाही. तिच्यावर पिलं नाचतात. नाचू देत. मला कुठे थंडी वाजते?