डावीकडचा माईक

मैदानात त्या संध्याकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती, पण ताईला त्यातलं काहीच दिसत नव्हतं. स्टेजमागे उभ्या केलेल्या रेकॉर्डिंगच्या गाडीत, हेडफोन लावून ती बसली होती. बँडची तेव्हा चलती अशी होती की न्हाव्याच्या दुकानात आणि दाताच्या दवाखान्यातही त्यांचीच गाणी लागत. ते नुसते खोकले असते तरी कॅसेट खपली असती. म्हणून कंपनीनं या कार्यक्रमाचं जसंच्या तसं रेकॉर्डिंग बाजारात आणायचं ठरवलं, आणि ते काम ताईकडे आलं.

तिची धाकटी बहीण छोटी या बँडपायी वेडी होती. ताईनं वशिला लावून तिला अगदी पुढे, डाव्या कठड्याजवळ उभं केलं होतं. लोकांचा आवाज टिपणारा एक माईक तिथेच खांबावर टांगलेला होता. "मी ओरडेन, तू रेकॉर्डमध्ये ठेव," असं छोटीनं बजावलं होतं.

सगळ्यात गाजलेलं गाणं सुरू झालं. ताईनं सवयीनं एकेक माईक वेगळा करून ऐकला. ढोल ठीक, गिटार ठीक, उजवीकडचे लोक ठीक. मग डावीकडचा लावला.

लोक ओरडत होते, पण गाण्याबरोबर नाही. बुवा ओळ संपवून दम घ्यायचा, तेव्हाही तिथला आवाज खाली येत नव्हता. बुवा म्हणजे गायक. कमरेपर्यंतच्या केसांमुळे त्याला ते नाव पडलं होतं. ताईनं आवाज वाढवला. कुणीतरी "मागे सरका, मागे सरका" म्हणत होतं. एक बाई एकसारखी "श्वास, श्वास" म्हणत होती, आणि मग ती म्हणायची थांबली. खांबाला काहीतरी धाडकन आदळलं.

आपला कान चुकत असावा, अशी तिनं मनापासून आशा केली. तिनं स्टेजच्या कडेला उभ्या असलेल्या मॅनेजरला आतल्या फोनवर गाठलं.

"डावीकडे माणसं दबतायत. गाणं थांबवा."

"पुढच्या रांगेत रेटारेटी होतेच, ताई. बुवा रंगात आलाय. हे गाणं तरी पुरं होऊ दे, त्याच्यासाठीच तर सगळा खटाटोप."

"माझी बहीण आहे तिथं."

"हे झालं की बघतो," म्हणून त्यानं फोन ठेवला.

धावत जावं तर गर्दीतून पोचणार कधी? ताईसमोर एक बटण होतं. ते दाबलं की तिचं बोलणं थेट बुवाच्या कानात जायचं. ते फक्त तालमीपुरतं होतं. गाणं चालू असताना त्याला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. घाईत पहिल्यांदा दुसरंच बटण दाबलं गेलं.

"बुवा, मी ताई. थांब. तुझ्या डाव्या हाताला माणसं चिरडतायत."

बुवा गातच राहिला. एक ओळ, मग दुसरी. या कानात माणसं, त्या कानात गाणं. मग ओळ अर्ध्यात तुटली. ढोलवाला बेसावध होता, तो थोडा वेळ एकटाच बडवत राहिला. मैदान संतापलं, शिट्ट्या झाल्या.

"मागच्यांनी मागे व्हा," बुवा म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. "मला खाली माणसं दिसतायत. पडलेली. कृपा करून मागे व्हा."

ताई हेडफोन टाकून पळाली. कठड्यावरून एकेकाला ओढून काढत होते. गवतावर आडवी केलेली माणसं ती वाकून वाकून बघत गेली. प्रत्येक चेहरा परका निघाला की तिला हायसं वाटायचं, आणि त्या हायसं वाटण्याचीही भीती वाटायची. छोटी शेवटी रुग्णवाहिकेच्या पायरीवर सापडली. एक चप्पल नव्हती, ओठ निळे पडले होते.

"आवाज फुटेना गं," ती पुटपुटली. "ओरडताच आलं नाही."

तिच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. बरेच जण दवाखान्यात राहिले. पण शेवटी सगळे घरी आले. "श्वास" म्हणणारी बाईसुद्धा आली, हे ताईनं चौकशी करकरून पक्कं केलं, तेव्हा कुठे तिला झोप लागली.

रेकॉर्डिंगचं पुढचं काम तिनं दुसऱ्याला दिलं. त्यानं ते गाणं वगळलं, बाकीचं चकाचक केलं, आणि कॅसेटवर लोकांच्या उड्या पडल्या.

छोटीला ती कॅसेट फार आवडते. बरगड्या जुळल्यावर तिनं ती घरी लावली आणि स्वयंपाकघरातून ताईला हाक मारली, "ये की, ऐक, काय सुरेख झालंय."

"तू ऐक. मी आलेच," ताई म्हणाली आणि जिन्यात जाऊन उभी राहिली. दाराआडून टाळ्या येत होत्या. त्या आनंदाच्याच होत्या, तिला पक्कं ठाऊक होतं. तरी दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून ती कॅसेटची बाजू संपेपर्यंत तिथेच थांबली.