हिटचा आकडा

माझ्या बाबांचा आवाज रोज दुपारी साडेचारला माझ्या स्वयंपाकघरात येतो. ते तिकडे आयोवात, कॅल्डनच्या मैदानावर, मी इकडे ॲरिझोनात लॅपटॉपसमोर. अडतीस वर्षं ते कॅल्डन मिलर्सचे बेसबॉलचे सामने रेडिओवर सांगतायत. पूर्वी गाव ओलांडलं की नुसती खरखर. आता इंटरनेटवर अगदी लख्ख ऐकू येतं, फक्त दीड मिनिट उशिरा.

पण यंदा ऐकणं म्हणजे जिवाला घोर झालाय. जुलैत बाबांनी वीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या माणसाला रेडिओवर बॅटिंगला उभं केलं. स्टेशनचा मॅनेजर हॉलिस, बाबांच्याच हाताखाली शिकलेला, त्याचा मला फोन आला.

"मार्सी, त्यांना खुर्चीवरून उठा म्हणायची माझी छाती नाही गं. तू रोज ऐकतेस. तू सांगशील तेव्हा थांबवतो. नाही सांगितलंस, तर बसू देत हवं तितकं."

घ्या! म्हणजे चांगुलपणा त्याचा आणि सुरी माझ्या हातात. तेव्हापासून मी सामना ऐकतच नाही, चुका ऐकते. बाबांनीच लहानपणी शिकवलं तसं वहीत प्रत्येक बॅटरचं लिहीत जाते आणि त्यांचं-माझं जुळतंय का बघते.

त्या दिवशी मला उशीर झाला. मी दातांच्या दवाखान्यात दात साफ करून देते, आणि शेवटचे आजोबा तोंडच उघडेनात. घरी येऊन लॅपटॉप लावला तर नऊपैकी चौथी इनिंग संपलेली. चार रकाने कोरे ठेवून पाचवीपासून लिहायला बसले.

समोरच्यांची पाळी संपली, की बाबा न चुकता चार आकडे सांगतात: रन किती, हिट म्हणजे बेसवर पोचवणारे फटके किती, फील्डिंगमधल्या चुका किती, बेसवर अडकले किती. त्या दिवशी पाचवी संपली तर म्हणाले, "चला, हेही गेले बसायला. पुढे जाऊ." आकडे नाहीतच. सहावीला तेच. मी उठले, धुतलेलीच कपबशी पुन्हा धुतली. सातवीला मध्येच गप्प झाले आणि मग ढगांबद्दल बोलायला लागले. ढगांबद्दल! बाबा, एक आकडा सांगा हो. एकच.

नाही सांगितला. मी हॉलिसला फोन लावला. तो मुलीच्या शाळेतल्या कार्यक्रमातून नुकता बाहेर पडत होता.

"आकडे गेले त्यांचे," मी म्हटलं. "तीन इनिंग झाल्या, हिट किती ते सांगत नाहीयेत. विसरलेत."

"नक्की ना?"

"वही समोर आहे माझ्या!" मी उगाचच त्याच्यावर खेकसले.

"बरं. मैदानावरच जातो. आजच बोलतो, माझाही धीर आजच आहे."

फोन ठेवल्यावर मला रडू आलं, आणि खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंही वाटलं.

नववी इनिंग. दोन आउट. बाबांचा आवाज कापत होता. चेंडू उंच उडाला, झेल घेतला गेला आणि मागे लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं.

"आता बोलतो!" बाबा ओरडले. "आता बोलायला हरकत नाही! समोरच्यांना एकही हिट नाही, मंडळी! नो-हिटर! अडतीस वर्षांत पहिला!"

मी वही पुढे ओढली. सात वर्षांची असताना त्यांच्या शेजारी बसून मी माइकसमोर विचारलं होतं, "बाबा, यांची एकसुद्धा हिट नाही?" नो-हिटर चालू असताना त्याचं नाव काढायचं नसतं, हिटचा आकडाही उच्चारायचा नसतो, नजर लागते. पुढच्याच चेंडूला हिट बसली, आणि बाबांनी मला सामना संपेपर्यंत बाहेर जिन्यावर बसवलं होतं. एवढं सगळं मला ठाऊक होतं. माझ्याच वहीत पाचवीपासून एकही हिट नव्हती, आणि मी ते पाहिलं नाही.

हॉलिसला फोन. उचलेना. परत लावला. परत.

"माझी मुलगी ॲरिझोनात वही घेऊन बसलीय," लॅपटॉपमधून बाबा सांगत होते. "ती पण शहाणी, मुद्दाम फोन नाही केला बघा! मार्सी, जपून ठेव गं ती वही."

तेवढ्यात माझा फोन वाजला. बाबा.

"मार्सी," आवाज अगदी खाली. "हॉलिस आलाय. म्हणतो, याहून चांगला शेवट मिळायचा नाही. म्हणतो, तुलाही तसंच वाटतं. मी हिट विसरलो म्हणालीस?"

"बाबा, मी..."

"दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर हसलो असतो गं."

दीड मिनिट मागे असलेल्या लॅपटॉपमध्ये आत्ता कुठे दार उघडल्याचा आवाज आला. "अरे हॉलिस!" बाबा तिथे खदखदून हसत होते. "ये, ये, बरोब्बर वेळेवर आलास!"